हो म्हणणारी सावली

भालचंद्राने मध्यस्थी केंद्राच्या काउंटरवर दोन्ही हात आपटले. "मॅडम, थांबवा ते यंत्र! गाढवासारखं हो म्हणून बसलंय!"

"काका, तुमचीच सावली आहे. तिने मान्य केलं म्हणजे तुम्हीच केलं," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

हल्ली घटस्फोटासाठी नवरा-बायको समोरासमोर बसतच नसत. दोघांच्या सावल्या, म्हणजे त्यांच्यासारख्याच बोलणाऱ्या यंत्रातल्या प्रती, आपसात बोलून तोडगा काढत. लोकांना हे इतकं पटलं होतं, की निकालानंतर चक्क पेढे वाटले जायचे.

पण भालचंद्र पडला इरसाल. हेमलता परत यावी म्हणून त्याने आपल्या सावलीला पढवून ठेवलं होतं, की वाद घालायचा नाही, ती म्हणेल त्याला मान डोलवायची. गोड बोलून बायकोला गुंडाळायचा बेत होता त्याचा.

तो धावत बाहेर आला. हेमलता रिक्षात बसत होती.

"हेमा, ते मी नव्हतो गं बोलत!"

"माझ्या सावलीला मी एकच विचारायला सांगितलं होतं. 'मी जाऊ का?'" तिचा आवाज चिरकला. "अहो, एकदा तरी भांडायचं होतं ना! नाही जायचं, म्हणायचं होतं!"

"आत्ता म्हणतो! नाही जायचं!"

"हे तरी मनातलं, की हेही पढवलेलं?"

भालचंद्राने गळा चिमटीत धरला. "आईशप्पथ, हेमा!"

त्याच्या आजवरच्या सगळ्या आईशपथा हेमलताला पाठ होत्या. तिने डोळे पुसले आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चला हो."