खरं काम

वॉल्टर आजोबा अमेरिकेत जन्मभर आमदार होते. म्हातारपणी कॅनडात हॅलिफॅक्सला लेकीकडे राहायला आले आणि कोमेजलेच. "माझ्याकडे आता कुणाचं कामच नसतं," म्हणायचे.

त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्या ओजसला ते बघवेना. मग कॉलेजला निघताना तो रोज त्यांच्याकडे एक तक्रार रचून न्यायचा. कधी बस लेट येते, कधी कोपऱ्यावरचा बर्फ कुणी शोव्हलने उपसत नाही. आजोबा लगेच कोट चढवायचे आणि फोनवर कुणाला तरी फैलावर घ्यायचे.

त्या दिवशी मात्र ओजस मान खाली घालून निघाला. नागपूरला ताईचं लग्न होतं आणि परीक्षेमुळे त्याला जाता येत नव्हतं.

"काय रे, आज काही काम नाही?"

"नाही आजोबा. सगळं ठीक आहे."

आजोबांनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"बस. इतकी वर्षं आमदारकी केली, मला खोटी तक्रार कळत नाही होय? म्हणून तर मी फोनवर एकदाही नंबर फिरवला नाही, नुसताच ओरडत होतो. आज काम खरं दिसतंय. सांग आता."