शॉवरचं दार

वेंडेलने गुडघ्यांखाली उशी घेतली आणि शॉवरच्या दाराखाली लाकडी पाचर सरकवली. खाली आलेलं दार बोटभर वर उचललं गेलं. पण बिजागरीचा वरचा स्क्रू पिळायला गेला, तर तो नुसताच गरगर फिरला.

"परत?" आर्लीनने विचारलं. ती ओट्यापाशी बटाटे सोलत होती. गाडीमागे जोडून गावोगाव न्यायचा त्यांचा हा घर-ट्रेलर एवढासा, की ओट्यापाशी उभं राहिलं तरी शॉवरपाशी बसलेल्याचं टक्कल दिसायचं.

"लाकूडच तसलं. त्यापेक्षा पुठ्ठा बरा. हे ट्रेलर बनवणाऱ्यांना एक हिवाळा यातच राहायला लावलं पाहिजे."

"आपण राहतोय की."

दोष लाकडाचा नव्हता, हे वेंडेलला माहीत होतं. शॉवरमध्ये जायचं तर वीतभर उंच कठडा ओलांडावा लागायचा. डावा पाय उचलला की सगळा भार उजव्या गुडघ्यावर. तो गुडघा आता भार घेईना. मग वेंडेल दाराच्या वरच्या कडेवर हात टाकायचा आणि जवळजवळ लोंबकळतच आत उतरायचा. दार करकरायचं. आर्लीनला ऐकू जाऊ नये म्हणून तो आधी नळ सोडून ठेवायचा.

तिला सांगायची सोय नव्हती. तिने त्याच दिवशी ओहायोला डेनिसला, त्यांच्या मुलीला, फोन लावला असता. डेनिस वाटच बघत होती. तिने या दोघांसाठी तळघरातली खोली रंगवून ठेवली होती. "बाबा, खिडकीसुद्धा आहे हं," प्रत्येक फोनवर ती सांगायची. खिडकी होती. तिच्यातून शेजाऱ्याच्या गाडीची चाकं दिसायची.

त्याने दात कोरायच्या काड्या गोंदात बुडवून स्क्रूच्या भोकात ठोकल्या. मग भिंतीला डोकं टेकून बसून राहिला. बाहेर ॲरिझोनाचं ऊन पांढरंफटक पडलं होतं. कुणीतरी आपला ट्रेलर गाडीला जोडून निघालं होतं, साखळ्यांचा आवाज येत होता. गोंद वाळेपर्यंत वेंडेलला तिथेच झोप लागली.

जाग आल्यावर त्याने स्क्रू पिळला. या वेळी तो बसला. पाचर काढली, दार जागच्या जागी राहिलं.

"अगं, जरा आत जाऊन कडी लागते का बघ. मी आता बसलोय तो बसलोय."

आर्लीन हात पुसत आली. दाराकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिचा हात आपसूक वर गेला, दाराच्या कडेवर पडला, कोपर टेकलं, आणि सगळं अंग त्यावर झोकून तिने एक पाय आत टाकला. मग दुसरा.

काड्या कडकड मोडल्या. स्क्रू निघून टणटण करत शॉवरच्या तळाशी पडला.

आर्लीनचा हात अजून दारावरच होता.

"कधीपासून?" वेंडेलने विचारलं.

"काय कधीपासून?"

"आर्लीन."

तिने हात काढून घेतला. "टेक्सास सोडलं तेव्हापासून. कंबर धरते माझी."

"मला बोलली नाहीस ती."

"तू लगेच डेनिसला कळवलं असतंस."

वेंडेलला हसू आलं. हसता हसता खोकला लागला. खोकला थांबेना तशी ती चिडली. "यात हसण्यासारखं काय आहे?"

"मी मिसूरीपासून लटकतोय. टेक्सासच्याही आधी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणून आधी नळ सोडतोस होय! आणि मी मेली रोज तुझ्या नावाने ओरडते, टाकी रिकामी करतोस म्हणून."

"ओरडतेस खरी."

"सांगायचंस ना रे, माणसा."

"तू सांगितलंस?"

ती दमून भिंतीला टेकली. म्हणाली, "ते सगळं नंतर. आधी मला बाहेर काढ. आता धरू कशाला?"

दार एका स्क्रूवर तिरपं लोंबत होतं. वेंडेलने उठायचा प्रयत्न केला, पण उठताना धरायचं तेही दारच होतं. शेवटी तो तसाच वळला, दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि पाठ कठड्याला आडवी लावली.

"ठेव हात."

"मोडशील."

"ठेव गं."

तिने दोन्ही तळवे त्याच्या पाठीवर टेकले. एक पाय बाहेर काढला. मधेच थांबली, श्वास घेतला. मग दुसरा. त्याच्या मनगटांतून कळ गेली, पण त्याने तोंडातून आवाज काढला नाही.

"डेनिसला असाच घोडा घोडा करायचास," ती म्हणाली.

"तिचं वजन कमी होतं."

कमोडचं झाकण लावून ती त्यावर बसली. तिच्या खांद्यावर भार देऊन मग तो उठला. उभा राहिल्यावरही खांदा सोडायला त्याला वेळ लागला.

"डेनिसला फोन मी करते," आर्लीन म्हणाली. "तू केलास तर भांडशील."

"मी नाही भांडणार."

"मग तू कर."

त्याने मान डोलावली. पण आधी उरलेला स्क्रू काढला. दार सुटलं. एक बाजू त्याने धरली, एक तिने, आणि दोघं ते पायऱ्यांवरून सांभाळून बाहेर घेऊन आले. खडीवर उतरल्यावर आर्लीनने दार एकटीने पेलून पाहिलं.

"अय्या," ती म्हणाली, "केवढं हलकं आहे रे हे!"