बांधावरचा चित्रकलेचा तास

पिढ्यान्पिढ्या रान कसणाऱ्या कचरूला बेदखल करायचं म्हणून भुजंगराव देशमुख तहसीलदारापुढं धडधडीत खोटं बोलून आला, "कूळबीळ कोणी न्हाई, मीच कसतो." परतला तर बांधावर शाळेची पोरं जलरंगात त्याचंच रान रंगवत बसलेली. आजच नव्या ड्रॉइंग मास्तरला इथं तास घ्यायचं कसं सुचलं? खोट्या माणसाला सगळीकडं साक्षीदारच दिसतात. त्यानं एका पोरीचा कागद ओढला. आभाळ, बाभळी, अन् मधोमध औत धरलेला, लाल मुंडाशातला कचरू. "मास्तर, पुरावा बनवून राह्यले का?" "पुरावा कशाचा, मालक? दिसंल ते काढा म्हणलो." "मंग याला पुसून टाका! जल्दी!" "रंग ओला हाय, थांबा." मास्तर वेळ काढतोय, भुजंगरावाला बराबर कळलं. त्यानं कुंचला पाण्यात बुचकळून कचरूवर खसाखसा फिरवला. मुंडाशाचा लाल रंग फुटला अन् डोळ्यांदेखत बांधापासून बांधापर्यंत रानभर पसरला.