जेवल्या का, सिस्टर?

कोतवालने तोंड फिरवलं. सकाळपासून ही चौथी वेळ. दूधभाकर झाली, उकडलेलं अंडं झालं, दहीभात झाला, आता मऊ खिचडी. ताटलीत गोळी चुरलेली, वरून तूप सोडलेलं, आणि हा गडी भिंतीकडे बघत पडलेला.

"खाय नं बापा," कोकिळा म्हणाली. "काऊन छळून राह्यला मले?"

छळतच होता तो. सरकारी दवाखान्यात तेहतीस वर्षं नर्स होती कोकिळा. सगळं मेहकर तिला सिस्टर म्हणायचं. पिऊन आलेले गडी, रडकी पोरं, सुई बघून दाराकडे पळणारे पहिलवान, सगळ्यांना तिने नुसत्या नजरेच्या धाकावर औषध घ्यायला लावलं होतं. आणि कोतवाल नावाच्या बारा वर्षांच्या म्हाताऱ्या कुत्र्यापुढे तिचं काही चालेना.

कुत्रं तसं तिचं नव्हतंच. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या माणिकरावांचं. दीड महिन्यापूर्वी मुलाने माणिकरावांना नाशिकला नेलं. तिथल्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नाही, म्हणून कोतवाल इथेच राहिला, कुलूप लावलेल्या घराच्या पायरीवर. समोर बांधकाम चालू होतं तोवर बरं होतं. गवंडी दुपारी डबे उघडायचे, त्यांच्यासोबत हाही खायचा. काम संपलं, गवंडी गेले. मग लोकांनी टाकलेल्या भाकरी कावळे नेऊ लागले आणि याच्या कानांत गोचिडी भरल्या. चार दिवसांपूर्वी कोकिळाने त्याला चादरीत गुंडाळून घरी आणलं. आणलं ते कीव येऊन. पण उतरवल्या उतरवल्या त्याने तिच्या पावलावर डोकं ठेवलं, आणि मग विषयच संपला.

गोचीडताप होता. सकाळी सलाईन लावताना जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते, "सिस्टर, ही गोळी रिकाम्या पोटी टिकत नाही, उलटून पडते. आज पोटात अन्न गेलं पाहिजे. नाही गेलं, तर उद्या मी तरी काय करणार?"

तेव्हापासून ती घरभर फिरत होती. ओटा, ओसरी, फाटक, पुन्हा ओसरी. झाडू हातात घेतला, ठेवून दिला. चहात टोस्ट बुडवून उभ्या उभ्या तोंडात टाकला आणि कप खिडकीत विसरली. दर दोन मिनिटांनी त्याचं पोट खालीवर होतंय का ते बघत होती. चार महिन्यांपूर्वी प्रेमानंदच्या, तिच्या नवऱ्याच्या, उशाशी बसून तिने असंच पोट पाहिलं होतं. एका सकाळी ते हललं नाही. आता पुन्हा तेच बघायचं तिच्यात त्राण नव्हतं.

साडेसात वाजले तसा तिने शेजारच्या मंजुळाबाईकडून नंबर घेतला आणि नाशिकला फोन लावला.

"माणिकराव, मी कोकिळा सिस्टर. मेहकरहून."

पलीकडून हळूच आवाज आला, "आहे का तो?"

"आहे. चार दिवसांपासून माह्यापाशी आहे. पण काहीच खात नाही. तुमी काय घालत होते त्याले?"

"जे आमचं तेच त्याचं." म्हातारा खोकला. "तुमी जेवल्या का, सिस्टर?"

"हो, झालं नं जेवण."

हे उत्तर तिच्या जिभेवर तयारच असायचं. तिचा मुलगा धम्मदीप पुण्याहून रोज आठच्या ठोक्याला फोन करून हेच विचारायचा आणि हेच ऐकायचा. मंजुळाबाई फाटकातून विचारायची. लोक विचारतात, आपण हो म्हणतो, त्यात काय एवढं.

"ते जाऊ द्या," ती म्हणाली. "त्याले भात आवडते का भाकर?"

"तसं नाही, सिस्टर. मी खुशाली नाही इचारून राह्यलो. त्याच्यासमोर बसून जेवल्या का, ते सांगा. घरचं माणूस जेवल्याबिगर तो तोंड लावत नाही. पिल्लू होता तवापासून तसाच आहे. चार दिवसांत त्यानं तुमाले जेवताना पाह्यलंच नसंन."

कोकिळाने फोन ठेवला.

चार दिवस कशाचे? चार महिने. चहा, टोस्ट, कधी मूठभर मुरमुरे, तेही ओट्यापाशी उभं राहून. मांडणीवर दोन ताटं पालथी होती, प्रेमानंद गेला त्या दिवसापासून तशीच. तिने वरचं उचललं. धूळ बसली होती, ती धुतली. कुत्र्यासाठी केलेल्या खिचडीतलीच दोन डाव घेतली, लोणच्याची फोड घेतली आणि ओसरीत चटई टाकून कोतवालसमोर मांडी घातली.

पहिला घास तिने तोंडात घातला. ती रडली, चांगली हुंदके देऊन रडली, आणि रडत रडत घास गिळला. कोतवालने मान वळवली. दुसरा घास. त्याचे कान हलले. तिसऱ्या घासाला तो पुढच्या पायांवर उठला, सरपटत ताटलीपाशी आला आणि तिच्याकडे बघत थांबला.

"हे पाय, खाऊन राह्यली मी," ती म्हणाली. "खाय आता."

त्याने ताटलीत तोंड घातलं. ती थांबली की तोही थांबायचा, म्हणून ती थांबलीच नाही. आणखी खिचडी वाढून घेतली. गोळीसकट अर्धी ताटली रिकामी झाली तेव्हा बाजूला पडलेला फोन वाजला. तिने खरकट्या बोटाने तो स्पीकरवर टाकला.

"आई, जेवली का?" धम्मदीपने विचारलं.

"थांब जरा," भरल्या तोंडाने ती म्हणाली, "आमी जेवून राह्यलो."