एका कंड्याची धुरी

बापू आज जेवायला येणार असा निरोप आला आणि अंबिकानं हातातलं काम तिथंच सोडलं.

बापू म्हणजे उज्जैनच्या देवास गेट बस स्टँडवरचे जुने तिकीट एजंट. ते ज्या खानावळीत बसतील तिथेच झाडून सगळे ड्रायव्हर-कंडक्टर जेवायचे. आणि अलीकडे बापूंनी अंबिकाच्या खानावळीची पायरी चढणंच सोडलं होतं, कारण कणकेच्या गोळ्यांचे तिचे बाफले आता कंड्यांवर, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर, भाजले जात नव्हते. त्यांच्यामागे बाकीचेही पांगले. समोर नवीन दुकानात पिझ्झा आणि थंडगार बाटल्या मिळायला लागल्या होत्या, तिकडे गर्दी. आजही बापू तोंड वाकडं करून उठले तर खानावळीला कुलूप लागणार, हे अंबिकाला स्वच्छ दिसत होतं.

हा सगळा उद्योग तिच्या नणंदेचा. विनोदिनी नगर निगममध्ये पार्षद, म्हणजे नगरसेविका. भोपाळला कसल्याशा शिबिराला गेली आणि एकच गोष्ट डोक्यात घेऊन परतली: धुरामुळे अख्खी पृथ्वी तापते आहे, तेव्हा सुरुवात आपल्या वॉर्डापासून. लोक हसले. उज्जैनच्या मे महिन्यात आणखी काय तापायचं राहिलंय, म्हणाले. पण ही बाई कसली ऐकते! धंदा बंद पाडून धूर कुणीही थांबवेल, मी धंदा वाढवून थांबवते, असं तिनं भर सभेत सुनावलं. कांजीहाऊसच्या कोंडवाड्यात डांबलेल्या मोकाट गायींच्या शेणाचा गॅस करायचा, तो नळीने गल्लीतल्या खानावळींना स्वस्तात द्यायचा, आणि त्यांनी कंड्यांच्या भट्ट्या विझवायच्या. गॅसची चावी फिरवली त्या दिवशी बापू चारचौघांत म्हणाले होते, मॅडम, हार जाओगी. तीही म्हणाली होती, तुम्हाला ह्याच गॅसवरचा बाफला खायला लावीन आणि तुमच्याच तोंडून कबूल करवीन. आता पहिली भट्टी कुणाची विझवायची? सख्ख्या भावजयीची. दुसरं कोण तयार होणार होतं म्हणा.

खरं सांगायचं तर अंबिकाला गॅस आवडला होता. डोळ्यांची आग थांबली होती. भिंती पांढऱ्या राहत होत्या आणि राम घाटावरून येणारे यात्रेकरू बायकामुलांना घेऊन आत बसू लागले होते. पण ते आज आहेत, उद्या नाहीत. पोट चालायचं ते बस स्टँडवरच्यांवर. बाफला छान फुलायचा, खरपूस व्हायचा, आणि ड्रायव्हर तो नुसता हुंगून बाजूला ठेवायचे. म्हणायचे, भाभी, ये तो डबलरोटी है.

पातेलंभर बाफले समोर घेऊन ती बसली आणि तिची नजर मठ्ठ्याच्या भांड्याकडे गेली. माहेरी पंगतीच्या मठ्ठ्याला धुंगार द्यायचे. वाटीत निखारा, निखाऱ्यावर चमचाभर तूप, वर घट्ट झाकण. ती उठली, परसात उरलेला एक कंडा शोधला, त्याचा तुकडा गॅसच्याच ज्योतीवर लाल केला. बाफल्यांच्या मधोमध वाटी ठेवून तूप सोडलं आणि झाकण घातलं.

नेमकी तेव्हाच विनोदिनी आत आली. तिनं आधी हवेत नाक फिरवलं, मग पातेल्याकडे पाहिलं. गल्लीत कंडा जाळला तर गॅस बंद, हा नियम तिचाच. तिनं झाकण उचललं.

"एकच आहे, वन्सं," अंबिका म्हणाली. "झाकण ठेवा. धुरी जाईल."

विनोदिनीनं वाकून आत पाहिलं. वास तिच्याही नाकात शिरला होता. मग तिनं झाकण जागच्या जागी ठेवलं.

बापू आले ते मागे पाच-सात ड्रायव्हर घेऊन. कोपऱ्यात बसलेल्या विनोदिनीला त्यांनी मिशीतल्या मिशीत हसून रामराम केला. अंबिकानं वाढलं. बापूंनी बाफला हाताने चुरला, वर तूप घेतलं, डाळ ओतली, पहिला घास घेतला आणि मान खाली घालून जेवत राहिले. ताट पुसून झाल्यावर त्यांनी दुसरा मागितला. ते पाहून बाकीचेही मान खाली घालून जेवायला लागले.

"ये हुई न बात," बापू म्हणाले. "भाभी, अच्छा किया, कंडे पे लौट आईं." मग कोपऱ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मैंने कहा था न, मॅडम? अब तो मान लो."

ड्रायव्हर हसले. विनोदिनीचे कान लाल झाले. सभेत दहा जणांना पुरून उरणारी बाई ती. तिनं फक्त स्वयंपाकघराचा पडदा बाजूला सारायचा होता. आत निळी ज्योत जळत होती, पत्र्याच्या भट्टीत पुढचे बाफले भाजले जात होते. बापू जिंकून नाही, हरून जेवले होते आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

पण पडद्यापाशी अंबिका उभी होती. हातातली तुपाची पळी तशीच अधांतरी. बापूंचा स्वभाव गल्लीला ठाऊक होता. त्यांची चारचौघांत फजिती केली असती तर ते भरल्या ताटावरून उठले असते, आणि त्यांच्यामागोमाग सगळी पंगत.

विनोदिनी उठली. भावजयीच्या हातातली पळी घेतली आणि बापूंच्या ताटात तुपाची धार धरली.

"मान लिया, बापू," ती म्हणाली. "हार गई. अजून एक बाफला घ्या."

बापू खूश झाले. उद्या इंदूरच्या गाडीवाल्यांनाही घेऊन येतो म्हणाले.

अंबिका पडद्याआड गेली आणि पदरानं डोळे पुसू लागली. आत धूर म्हणून नव्हता.