चौतीस नावं

कम्प्युटरच्या पडद्यावर तिसऱ्यांदा तेच दोन शब्द उमटले. उत्तर नाही.

जागृती ठाकूरने चष्मा काढून डोळे चोळले. बोर्ली पंचतनच्या डायलिसिस केंद्रातलं पाचवं मशीन सकाळी बंद पडलं होतं. सुटा भाग यायला दहा दिवस लागणार होते. उरलेल्या चार मशिनांवर चौतीस पेशंट बसवायचे होते. प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार तास. तिने गावातल्या सगळ्यांना संध्याकाळच्या पाळीत टाकून पाहिलं. वार उलटसुलट करून पाहिले. दर वेळी एक माणूस बाहेर उरत होता.

"म्हणजे मी 'नाही' कुणाला सांगायचं?" सिस्टर नेत्राने विचारलं.

जागृतीने पुन्हा यादी उघडली. शेकडो अटी एकाच वेळी पाळून वाट कशी काढायची, यावर तिने बावीस वर्षं संशोधन केलं होतं. बंदरातले कंटेनर, विमानांच्या वेळा, कारखान्यांतल्या पाळ्या तिच्या पद्धतीने लागत. गेल्याच महिन्यात त्यासाठी मोठा सत्कार झाला होता. तिची मावशी इथे उपचार घ्यायची, तेव्हा केंद्राचं वेळापत्रकही तिनेच बसवून दिलं होतं. पण कंटेनर बाहेर राहिला तर नुसता उन्हात पडून राहतो. इथे बाहेर राहील त्याच्या छातीत पाणी भरणार होतं.

बाकावर रहिमुन्निसा बसल्या होत्या. त्यांचे पती नुरुद्दीन उपचाराला खाडीपलीकडून यायचे. कालपासून नुरुद्दीन यांचे पाय सुजले होते, दोन शब्द बोलले तरी धाप लागत होती. त्यांची पुढची वेळ विचारायला त्या आल्या होत्या.

"बाय, कम्प्युटर काय बोलतो? यांचं नाव हाय ना त्यात?"

"बघते, खाला." जागृती म्हणाली. या खेपेला बाहेर उरलेलं नाव नुरुद्दीन यांचंच होतं.

तिने दुसरा प्रोग्राम उघडला. तिचं खरं काम ते होतं. वाट निघत नसेल, तर नेमक्या कोणत्या अटी एकमेकींना अडवतात, ते तो शोधून काढायचा. चक्र फिरत राहिलं. मग तीन ओळी आल्या.

मशिनं चार. प्रत्येकाला चार तास. खाडीपलीकडे जाणारी शेवटची लाँच साडेपाचला.

"मशीन वाढणार नाही," नेत्रा म्हणाली. "तास कमी करायला डॉक्टर तयार होणार नाहीत. आणि लाँच काय आपल्या हातात आहे? मी आल्यापासून ती साडेपाचलाच सुटते. म्हणून तर तिकडच्यांना संध्याकाळची पाळी देता येत नाही."

"लाँचवाल्यांना कधी विचारलंत?"

नेत्राने मान हलवली. "नाही. वेळ म्हणजे वेळ. तिला काय विचारायचं?"

जागृतीची रिक्षा दिघीच्या धक्क्यावर पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. माणसं चढत होती. लाँचवाले बुधाजी, साठीपलीकडचे, इंजिनाजवळ उभे होते. तिने धापा टाकत सगळं सांगून टाकलं. दहा दिवस, रोज, शेवटची खेप साडेआठला न्याल का?  ते नाही म्हणाले तर परत जाऊन रहिमुन्निसांना काय सांगायचं, तिला सुचत नव्हतं.

बुधाजींनी एकवार पाण्याकडे पाहिलं.

"थांबतो की."

तिने तिथूनच फोन लावला. नेत्राने कम्प्युटरवर शेवटच्या लाँचची वेळ बदलली.  मग नेत्रा एकेक नाव मोठ्याने वाचू लागली. चौतीसच्या चौतीस. नुरुद्दीन, उद्या, दुपारी चार ते आठ. मागून रहिमुन्निसांचा हुंदका आला.

 जागृती धक्क्याच्या पायरीवर बसली.

"इतक्या वर्षांची वेळ," ती म्हणाली, "आणि तुम्ही एका शब्दात बदललीत."

"माझी कुठली वेळ, ताई?" बुधाजी म्हणाले. "मी पयला चारलाच जायचो. तुमचा दवाखाना झाला, नि तिथली मानसं पाचला सुटतात असं कुनीतरी बोललं, म्हनून साडेपाच केली."