काळवी खाडीतला जीव

"मॅडम, अहवालावर सही करा. उद्या भराव सुरू करायचाय," बंदर खात्याचे इंगवले म्हणाले.

मृदुला खवणेकरने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. काळवी खाडीच्या खाऱ्या गाळात तिला नवा एकपेशीय जीव सापडला होता. अंगभरच्या बारीक केसांनी वल्हवत तो काचेवर फिरत होता. नव्या कायद्याप्रमाणे एखाद्या जातीचं वर्णन पूर्ण होऊन तिची जनुकं संगणकात गेली, की ती जात वाचली असं धरत. मग तिचं घर बुजवायला मोकळीक असे. शेजारची खाडी अशीच बुजली होती. तिथे शिंपल्या वेचणाऱ्या बायका आता गोदामं झाडत होत्या.

"जनुकं मिळालीत ना? मग राहिलंय काय?"

मृदुलाचा आवाज संतापाने चिरकला. "तो खातो काय, ओहोटीला लपतो कुठे, त्याला कोण खातं, हे आहे तुमच्या संगणकात? मलाही ठाऊक नाही. ते खाडीतच बघावं लागेल!"

तिने अहवालावर 'वर्णन अपूर्ण' असं लिहून तो त्यांच्यापुढे आपटला.

"अहो, पण किती दिवस बघणार?"

"खाडी आहे तोवर," ती म्हणाली.